पंचामृतातला मल्टिमीटर

आमच्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या शेजारी एक मल्टिमीटर आहे. तो चालत नाही. पण देव्हाऱ्यातल्या कुणी चालून दाखवावं अशी आमच्या घरात कधीच अपेक्षा नव्हती, त्यामुळे तो तिथे सुखात आहे.

मल्टिमीटर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी (परवापरवापर्यंत मीही त्यांच्यातच होतो) सांगतो. तळहाताएवढं पिवळं यंत्र, एक लाल आणि एक काळी अशा दोन लांब शेपट्या. वीज कुठवर आली आणि कुठे अडली, ते हे यंत्र सांगतं. आमच्या मुलीचं आहे, केतकीचं. केतकी आय.टी.आय.ला आहे.

हे शेवटचं वाक्य आत्ता मी किती सहज लिहून गेलो! तेवढंच वाक्य चारचौघांत म्हणायला मला वर्ष लागलं होतं.

मी स्वतः बी.कॉम. नाशिक रोडला राहतो, सरकारी कचेरीत कारकून आहे. आमच्याकडे दिवा बदलायचा असला, की आधी खाली वर्तमानपत्र अंथरतात, मग स्टूल आणतात, मग मी स्टूल धरतो आणि वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांना हाक मारतात. अशा घरात बारावी सायन्सला उत्तम मार्क मिळवून आलेली मुलगी एका सकाळी म्हणाली,

"पप्पा, मी आय.टी.आय.ला फ्रीज-एसीचा ट्रेड घेतेय."

"आणि इंजिनिअरिंग?"

"नाही."

"निदान बी.एस्सी.?"

"नाही."

"अगं, लोक काय म्हणतील?"

"लोकांचा फ्रीज बंद पडला की म्हणतील, केतकीला बोलवा!"

यावर बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात उत्तर नव्हतं.

बातमी जिन्यात पसरली. कुलकर्णी भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तेराव्याला आल्यासारख्या आवाजात विचारलं, "मार्क कमी पडले का हो?" त्या दिवसापासून मी सांगायला लागलो, "केतकी कूलिंग टेक्नॉलॉजी करतेय." आमची सुलभा, म्हणजे केतकीची आई, वैतागली. "अहो, सरळ सांगा की! उद्या कुणीतरी विचारेल, कुठल्या देशात?"

चांदवडला माझा मोठा भाऊ असतो, अण्णा. कांद्याची शेती आहे. त्याचा फोन आला. अण्णाला फोनवर बोलताना मधलं अंतर आवाजानंच कापायचं असतं.

"दिन्या! पोरगी पाना-पक्कड धरनार म्हन्त्यात, खरं हाय का?"

"खरं आहे."

"आरं, सोयरीक आली की इचारतील, मुलगी काय शिकली. काय सांगायचं? गॅस भरती?"

"बघू, अण्णा."

'बघू' हा आमच्या कचेरीतला सर्वांत टिकाऊ शब्द आहे. त्यावर मी पुष्कळ काळ काढला.

पण मग एक दिवस केतकी घरी आली ती मनगटावर भाजल्याचा डाग आणि हातात तांब्याच्या नळीचा तुकडा घेऊन. दोन नळ्या तिनं स्वतः जोडल्या होत्या. "मम्मी, बघ! पाण्यात बुडवून बघितलं, एक बुडबुडा नाही!" सुलभा मनगटाला काय झालं ते बघत होती आणि मी केतकीचा चेहरा बघत होतो. बारावीच्या गुणपत्रिकेकडे या मुलीनं असं कधी बघितलं नव्हतं. तो तुकडा तिनं टीव्हीवर ठेवला. मी तो कुणी नसताना उचलून पाहिला. जोड सापडायला मला चष्मा लावावा लागला.

तर, गेल्या दसऱ्याची गोष्ट. ओझरच्या पुढे द्राक्षांचं एक कोल्ड स्टोरेज आहे. द्राक्षं यायच्या आधी तिथे सगळी यंत्रं तपासून घेतात. तिथल्या मालकांनी केतकीला सांगितलं होतं, "दसऱ्याला सकाळी या, मुहूर्त चांगला आहे. काम बघतो. जमलं तर अप्रेंटिस म्हणून घेतो. स्वतःची हत्यारं मात्र आणा." तिच्या वर्गातल्या मुलांना अशी बोलावणी आली होती. मुलींमध्ये हे पहिलंच. केतकीनं हत्यारांची पिशवी दोनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. त्यावरून ती किती घाबरली होती ते मला कळलं. आपण काहीतरी करायला हवं, असं मला फार वाटलं.

(आमच्या घरातल्या सगळ्या दुर्घटना याच वाक्यापासून सुरू होतात.)

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. शस्त्रांची पूजा. आमच्याकडे शस्त्रं म्हणजे विळी, अडकित्ता, नेलकटर आणि मधोमध, लाल कापडावर, माझं पेन. आजवर त्या पेनानं एक अर्जसुद्धा मारला नव्हता, नुसते पुढे ढकलले होते; पण मान त्याचा. दुपारी सुलभा आणि केतकी बाजाराला गेल्या आणि नेमका तेव्हाच अण्णा आला. पिकअप भरून झेंडू, आपट्याची पानं आणि कांद्याची गोणी. (अण्णा बारशालाही कांद्याची गोणी आणतो.)

मी मांडलेली पूजा बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"हे काय रं? ह्याला काय शस्त्रपूजा म्हन्त्यात? आमच्या घरी ट्रॅक्टर हाय, नांगर हाय, फवारणीचा पंप हाय. तुझं काय? नखं कापायचं!"

मला झोंबलं. मी आत गेलो आणि केतकीची पिशवी आणून लाल कापडावर पालथी केली. पाने, पकडी, नळी कापायचं कटर, नळीचं तोंड फुलवायचं हत्यार, दोन गोल घड्याळांचा गेज आणि मल्टिमीटर. अण्णा हळूच खाली बसला. एकेक हत्यार उचलून वजन करायला लागला.

"हे समदं पोरीला चालवता येतं?"

"सगळं."

"हे घड्याळाचं बी?"

"गॅसचा दाब मोजतं ते."

"तुला रं काय ठाव?"

"तिनं सांगितलं."

अण्णानं गेज दोन्ही हातांनी जपून कापडावर ठेवला. मग म्हणाला, "आमच्या ट्रॅक्टरच्या पेटीत बी येवढी हत्यारं नाय. उद्या पोरगी परीक्षेला चालली, पूजा लय दणक्यात झाली पायजे!"

आम्हा भावांचं इतकं एकमत कधीच झालेलं नाही. जेव्हा जेव्हा व्हायला लागतं तेव्हा कुणीतरी आम्हाला आवरायला पाहिजे.

"आधी आंगूळ घालावी लागती," अण्णा म्हणाला. "मी ट्रॅक्टर पाइपानं धुतो."

"हे पाइपानं नको," मी म्हणालो. मी शिकलेला ना! "ही नाजूक हत्यारं आहेत. ह्यांना पंचामृतानं आंघोळ घालू."

दूध, दही, तूप, मध, साखर. पळीपळीनं. पाने-पकडींनी ते निमूट सोसलं. गेजच्या घड्याळांवर मध घातला तेव्हा काटे किंचित हलले, असं मला वाटलं. मग मल्टिमीटर आला. अण्णा जरा दचकला.

"दिन्या, करंट बिरंट लागंल का?"

"बंद आहे," मी पळी कलती करत म्हणालो.

पंचामृत घालून मी त्याला पंच्यानं पुसत होतो, तेवढ्यात त्याचा खटका फिरला. काचेवर एकदम आकडे उमटले, थरथरले, भराभर वाढत गेले आणि विझले.

"पावला!" अण्णा ओरडला आणि त्यानं हात जोडले.

मीही जोडले.

मग हळद, कुंकू, अक्षता. मधामुळे अक्षता अशा बसल्या की जणू कारखान्यातूनच तशा आल्या होत्या! प्रत्येक हत्याराला लाल-पिवळा दोरा बांधला. आता इतकं झाल्यावर ते बघायला कुणीतरी हवंच. मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, 'आज संध्याकाळी आमच्याकडे चि. केतकीच्या हत्यारांची पूजा व आरती. सर्वांनी यावे.' वर्षभर जिन्यात नजर चुकवणाऱ्या माणसाला एकदा भरतं आलं की असं होतं.

सगळे आले. पण शस्त्रपूजेला रिकाम्या हातानं कसं यायचं? कुलकर्ण्यांनी ड्रिल मशीन आणलं. तळमजल्यावरच्या काकू मिक्सर घेऊन आल्या. "पूजेला ठेवते हो," म्हणाल्या आणि आवाज खाली आणून, "फिरत नाहीये. नंतर केतकी सहज बघेल." मग कुणाची इस्त्री आली, कुणाचं टेबल-फॅन. पाट भरला. दुसरा पाट आणला. आमची पूजा आणि भंगाराचं दुकान यांत फरक राहिला तो समईचाच.

आरती ऐन रंगात आली असताना सुलभा आणि केतकी दारात उभ्या राहिल्या. केतकीचं लक्ष लाल कापडावर गेलं. आरती मध्येच थांबवता येत नाही. ती टाळ्या वाजवत पुढे आली. टाळ्या वाजत होत्या, डोळे मल्टिमीटरवर खिळले होते आणि चेहऱ्याचा रंग एकेका कडव्याला उतरत होता.

प्रसाद घेऊन लोक गेले. (वस्तू ठेवून.)

"पप्पा," केतकी अगदी शांत आवाजात म्हणाली, "हे ओलं का आहे?"

"आंघोळ घातली."

"कशानं?"

"पंचामृतानं."

"तूप पण होतं?"

"साजूक!" अण्णा अभिमानानं म्हणाला.

"तुम्ही दोघं," सुलभा म्हणाली, "म्हणजे अहो, तुम्ही आणि अण्णासुद्धा..." आणि पिशवीतला झेंडू हातात तसाच धरून ती खुर्चीवर बसली.

केतकीनं पुढे होऊन मल्टिमीटर उचलायला हात घातला, तोच अण्णानं दोन्ही हात आडवे धरले.

"हां! पूजंला बसलेलं हत्यार उद्या शिलंगणाआधी उचलायचं नाय!"

"अण्णा, मला उद्या सकाळी जायचंय. हत्यारांसकट."

"ते खरं हाय. पन खंडेनवमीला हत्याराचा इसावा असतो. आपल्या बापजाद्यांपास्नं कुनी मोडलं नाय."

"उद्या मी हत्यारांशिवाय गेले तर ते दुसऱ्या कुणाला घेतील, अण्णा. परत मला नाही बोलावणार."

अण्णाचा चेहरा बघवेना. एका बाजूला बापजादे, दुसऱ्या बाजूला पुतणी, आणि मध्ये तुपात न्हालेला मल्टिमीटर. मी म्हणालो, "केतकी, सगळी चूक माझी आहे." तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. ती लाल कापडाकडेच बघत होती. मग तिनं विचारलं,

"पप्पा, तुमचं पेन कुठाय?"

"ते? ते तिकडे, विळीच्या मागे."

"दरवर्षी मध्ये असतं."

"यंदा मध्ये तुझी हत्यारं आहेत ना."

ती पूजेसमोर मांडी घालून बसली आणि न उचलता, फुंकर घालून घालून गेजवरच्या अक्षता उडवायला लागली. सुलभानं हळूच तिच्याजवळ कापूस ठेवला. अण्णा बराच वेळ गच्चीत फेऱ्या मारून आला आणि एकदम म्हणाला,

"देव पालखीत बसून गावभर फिरतो का नाय?"

"फिरतो," मी म्हणालो.

"तवा पूजा मोडती का?"

"नाही."

"मंग! पाट हाय तसा गाडीत ठिवायचा. हत्यार आपन उचलायचंच नाय. पूजाच शिलंगणाला जाईल! वेस वलांडली की झालं शिलंगण, तिथं उत्तरपूजा करू आन पोरगी लागंल कामाला!"

धर्मशास्त्रात असा निर्णय पूर्वी कुणी दिला असेल असं वाटत नाही, पण त्या घटकेला मला अण्णाच्या पायाशी मल्टिमीटर ठेवावासा वाटला.

सकाळी बघतो तर पूजेला भक्तगण लोटलेले. मुंग्या! मधाचा वास लागून गेजपासून भिंतीपर्यंत रांग लागली होती. केतकीनं डोळे मिटून घेतले. "पप्पा, तुम्ही काही करू नका," ती म्हणाली. मी उचललेली फवारणीची बाटली खाली ठेवली.

दोन्ही पाट पिकअपमध्ये चढले. शेजाऱ्यांच्या वस्तू काढता येईनात, कारण त्याही पूजेतल्याच! म्हणून मिक्सर, इस्त्री, टेबल-फॅन आणि ड्रिल मशीन आमच्याबरोबर निघाले. सुलभा आणि केतकी अण्णाशेजारी बसल्या. मी मागे, मांडी घालून, एका हातानं समई आणि दुसऱ्या हातानं मिक्सर धरून. हायवेवर लोक गाड्या हळू करून नमस्कार करत होते. एका माणसानं तर माझ्या मांडीवर दक्षिणा टाकली.

मालक दारातच भेटले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात; मोठा माणूस, कपाळाला टिळा. त्यांच्याकडेही यंत्रांची पूजा झाली होती. पिकअपमधून आधी समई उतरली, मग मी, मग पाट. ते बघतच राहिले.

"हे काय आहे?"

"हत्यारं, सर," केतकी म्हणाली.

"मिक्सर?"

"तो शेजारच्या काकूंचा आहे."

अण्णानं अक्षता टाकून पाट हलवला, "झालं शिलंगण!" म्हणून जाहीर केलं आणि केतकीनं झडप घातल्यासारखा पाना उचलला. भाऊसाहेबांनी मल्टिमीटर हातात घेतला. तो त्यांच्या हाताला चिकटला.

"ह्याला काय झालं?"

केतकीनं खाली बघत सांगितलं, "सर, काल त्याला अभिषेक झाला."

मला वाटलं, संपलं. मुलीच्या आयुष्यातली पहिली संधी मी पाच पदार्थ घालून बुडवली. भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, अण्णाकडे पाहिलं आणि आत वळून हाक मारली, "आपला मीटर द्या रे ह्यांना!" मग केतकीला हळूच म्हणाले, "आमच्या वडिलांनी पहिल्या वर्षी मशीनवरच नारळ फोडला होता. नळी चेपली, निम्मा माल गेला. तेव्हापासून आम्ही पूजा दरवाज्याची करतो."

एक खोली गारवा धरत नव्हती. गॅस कुठून जातोय ते शोधायचं होतं. केतकी आत शिरली. आधी मीटर लावून वीज बघितली, मग गेज लावला. त्याच्या काचेवर अजून एक मुंगी फिरत होती, तिनं ती नखानं काढली. मग इकडे-तिकडे बघून म्हणाली, "साबणाचं पाणी लागेल." मी धावलो. साबणाच्या पाण्यानं भरलेला मग घेऊन आलो. ती ब्रशानं एकेका जोडाला फेस लावत गेली. पहिल्या जोडाला काही नाही. दुसऱ्याला नाही. तिच्या कपाळावर घाम आला. मग ती थांबली, पहिल्या जोडाकडे परत गेली. "घाई केली मी," असं स्वतःशीच पुटपुटली. पुन्हा फेस लावला आणि वाट बघत राहिली. खालच्या बाजूनं एक बारीक बुडबुडा फुगला. फुटला. पुन्हा फुगला.

"सर, इथे!"

केतकीचा तोच चेहरा! टीव्हीवरच्या त्या तांब्याच्या तुकड्याकडे बघतानाचा. दारातून सुलभा मला खुणावत होती, 'काय झालं?' मला आनंदानं राहवेना. मी हात वर करून तिला खूण केली. त्याच हातात मग होता. साबणाचं पाणी भाऊसाहेबांच्या नव्या कोऱ्या सदऱ्यावर, दसऱ्याच्या!

भाऊसाहेबांनी सदरा झटकला. "हे कोण?" त्यांनी केतकीला विचारलं. कपाळाला कुंकू, बाहीला तूप, समईचं काजळ नाकाला, हातात रिकामा मग. आता ही माझी कशी ओळख करून देणार? वर्षभर मी तिची ओळख करून देताना काय काय शब्द शोधले होते ते मला आठवलं.

केतकी हसू दाबत म्हणाली, "हेल्पर आहेत, सर. नवीन आहेत."

भाऊसाहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"मुली, तू पुढच्या सोमवारपासून ये," ते म्हणाले. "हेल्पर मात्र बदल!"

बी.कॉम., फर्स्ट क्लास. नोकरीत कायम. आणि आयुष्यातल्या पहिल्या ट्रायलला नापास! परत येताना अण्णा मोठ्यानं हसत माझं सांत्वन करत होता, "जाऊ दे रं दिन्या, सगळ्यांना न्हाय जमत. तुला डिग्री तर हाय!"